नॉर्बर्ट वीनर

नॉर्बर्ट वीनर (२६ नोव्हेंबर, इ.स. १८९४, कोलंबिया, मिसूरी, अमेरिका – १८ मार्च, इ.स. १९६४, स्टॉकहोम, स्वीडन) हे अमेरिकन गणितज्ञ आणि सायबरनेटिक्स या ज्ञानशाखेचे प्रवर्तक होते. माणसाच्या आधीच्या हालचालींवरून त्याची पुढील हालचाल यंत्राने ओळखावी, यासाठीच्या आरंभीच्या गणिती प्रयत्नांत त्यांचे कार्य महत्त्वाचे मानले जाते.

शिक्षण

वीनर यांनी वयाच्या १४व्या वर्षी टफ्ट्स महाविद्यालयाची पदवी आणि १८व्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. इ.स. १९१९पासून त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अध्यापन केले.

पूर्वानुमानाचे संशोधन

विमानवेधी तोफेचा गोळा पोहोचेपर्यंत विमान पुढे गेलेले असते. म्हणून त्याची भावी जागा आधी ठरवावी लागते. दुसऱ्या महायुद्धात वीनर आणि अभियंता ज्युलियन बिगेलो यांनी वैमानिक व विमान यांना मिळून एकच व्यवस्था मानले. गोळे चुकवताना वैमानिक वळणे घेतो, तरी सवयी आणि विमानाच्या मर्यादा यांमुळे त्या वळणांत काही नियमितता राहते. ती संख्याशास्त्राने हेरण्याचा सिद्धान्त वीनर यांनी इ.स. १९४२च्या गोपनीय अहवालात मांडला. प्रत्यक्ष उड्डाणांच्या नोंदींवर मात्र ही पद्धत साध्या पद्धतींपेक्षा फारशी सरस ठरली नाही आणि प्रकल्प थांबला. अहवाल इ.स. १९४९मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या कामातूनच हेतू आणि प्रतिभरण यांचा संबंध त्यांच्या लक्षात आला. आर्तुरो रोझेनब्लूथ व बिगेलो यांच्यासह त्यांनी इ.स. १९४३मध्ये त्यावर निबंध लिहिला. ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ इ.स. १९४८मध्ये आला.

शस्त्रसंशोधनास नकार

हिरोशिमा व नागासाकीवरील बॉम्बहल्ल्यांनंतर क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका संशोधकाने या अहवालाची प्रत मागितली. वीनर यांनी ती नाकारली आणि नकाराचे पत्र जानेवारी १९४७मध्ये जाहीरपणे छापले.

भारताशी संबंध

इ.स. १९५५-५६मध्ये वीनर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत होते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील गणिताचे प्राध्यापक पेसी मसानी यांच्यासह त्यांनी पूर्वानुमानाचा सिद्धान्त एकाच वेळी बदलणाऱ्या अनेक राशींपर्यंत वाढवला. हे संशोधन इ.स. १९५७ व १९५८मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. मसानी यांनी पुढे वीनर यांचे चरित्र लिहिले.

वारसा

टंकलेल्या अक्षरांवरून पुढचा शब्द सुचवणारा कळफलक किंवा माउसच्या गतीवरून वापरकर्त्याचे लक्ष्य ओळखणारी प्रणाली यांच्या पद्धती वेगळ्या असल्या, तरी गतवर्तनावरून हेतूचा अंदाज बांधण्याची कल्पना समान आहे. असे अंदाज कोणाच्या हाती द्यावेत, हा वीनर यांचा प्रश्नही त्यांना लागू पडतो.