फास्टर फेणेचे बाबा

कॉमन रूममधल्या टीव्हीसमोर हल्ली जो वाद रंगतो तो तुम्हाला माहीतच आहे. जुन्या मारधाडीच्या आणि डिटेक्टिव्ह मालिका पुन्हा नव्याने काढाव्यात की नाही? २०१८ मध्ये बंद झालेली 'सीआयडी' २०२४ च्या डिसेंबरमध्ये परत आली आणि दार तोडायला दया हजर! तिकडे अमेरिकेत १९६८ ची 'हवाई फाइव्ह-ओ' २०१० मध्ये आणि आपल्या मेकॅनिकलवाल्यांचा लाडका, चाकू आणि चिकटपट्टीवर जग वाचवणारा 'मॅकगायव्हर' (मूळचा १९८५ चा) २०१६ मध्ये पुन्हा आला. या वादात माझं मत एकाच मराठी मालिकेला आहे. ती म्हणजे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागणारी 'फास्टर फेणे'. त्यात फेणे झाला होता शाळकरी वयातला सुमीत राघवन. पण मालिकेची वकिली करण्याआधी ज्यांच्या डोक्यातून हा पोरगा निघाला त्यांची ओळख करून देते, कारण माझी सगळी वकिली त्यांच्याच आयुष्यावर उभी आहे.

भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजेच भा. रा. भागवत, यांचा जन्म १९१० मध्ये इंदूरचा. त्या काळात शिकलेल्या तरुणाला सरकारी नोकरी मिळणं म्हणजे लॉटरीच. भागवतांना ती मिळाली, तीही रेडिओवर. पण १९४२ ची चळवळ पेटली तेव्हा ती नोकरी सोडून ते आंदोलनात उतरले आणि तुरुंगात गेले. प्लेसमेंटचा कॉल आल्यावर आपण मेस पार्टी देतो, म्हणून ही गोष्ट जरा थांबून वाचावी असं वाटतं. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर मुलांसाठी धाडसाच्या गोष्टी लिहिल्या, त्याने स्वतःचं एक धाडस आधीच करून ठेवलं होतं. त्याचा गाजावाजा मात्र त्यांनी कधी केला नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, त्यांनी 'बालमित्र' नावाचं मुलांचं मासिक सुरू केलं. पत्नी लीलावती भागवत या स्वतः नावाजलेल्या बालसाहित्यिक. म्हणजे घरात दोन लेखक, आणि दोघेही मुलांसाठी लिहिणारे! मुलांसाठी लिहिणं म्हणजे मोठ्यांचं लिहिणं जमत नाही म्हणून करायचं काम, असं समजणारे लोक तेव्हाही होते आणि आताही आहेत. भागवतांनी तिकडे लक्ष न देता पन्नासएक वर्षं मुलांसाठी लिहिलं.

आता आपल्या, म्हणजे इंजिनिअर लोकांच्या कामाचा भाग. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावं बघा. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू, शेंडी असलेलं नक्षत्र! कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'कॉमेट'चं स्पेलिंग पाठ केलं, हा शब्द मला आजीकडून कळला. व्हर्नने चंद्रावर जाण्याची कादंबरी १८६५ मध्ये लिहिली, त्यात फ्लोरिडातून तोफेने माणसं उडवली. १९६९ मध्ये अपोलो ११ खरोखर फ्लोरिडातूनच उडालं. एवढ्या लांबचं, परक्या भाषेतलं आणि जुनं पुस्तक घेऊन भागवत ते मराठी पोरांना त्यांच्या घरातल्या बोलीत सांगत होते. 'उडती छबकडी' ही विज्ञानकथा तर त्यांची स्वतःची. 'बिपिन बुकलवार' हा पुस्तकातला किडा असलेला मुलगाही त्यांचाच.

माझ्या मते इथेच 'रिबूट' म्हणजे काय ते कळतं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तरी हार्ड डिस्कवरचं काही जात नाही. व्हर्नच्या बाबतीत भागवतांनी तेच केलं. गोष्टीचं इंजिन तसंच ठेवलं आणि भाषा, थट्टा, बोलण्याची ढब इथली घातली.

आणि मग आला बनेश फेणे. गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन, मुक्काम हॉस्टेल (म्हणजे आपल्याच बिरादरीतला!). अंगाने किडमिडीत, चौकड्यांचा शर्ट, बुडाखाली सायकल, आणि काही सुचलं की तोंडाने 'ट्टॉक'. सोबत मित्र सुभाष देसाई आणि बहीण माली. या पोराकडे पिस्तूल नाही, गाडी नाही, काकांची पोलिसात ओळख नाही. डोकं, पाय आणि सायकल एवढ्या भांडवलावर तो वीस पुस्तकं पळाला. शिवाय गोष्ट सांगणारे भागवत स्वतःच अधूनमधून पुस्तकात डोकावतात, त्यामुळे फेणे खरोखरच कुठेतरी राहतो आणि भागवतांना येऊन सगळं सांगतो असं वाटत राहतं. फुरसुंगी हे गाव खरं, त्यामुळे तर अजूनच!

त्याच्या पुस्तकांची नावं वाचताना मला एक गोष्ट फार जाणवली. 'जवानमर्द फास्टर फेणे'मध्ये तो १९६२ च्या चीन युद्धात थेट नेफात पोहोचतो. 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे', 'प्रतापगडावर फास्टर फेणे'. युद्ध, विमान, वादळ, ज्या गोष्टींबद्दल घरात मोठी माणसं पेपर वाचून बोलायची तिथे भागवत या पोराला पाठवत होते. म्हणजे फेणे एका जागी, एका काळात अडकून बसावा अशी त्याच्या बापाचीच इच्छा नव्हती. जुनं आहे तसंच ठेवा, हात लावू नका, असं म्हणणाऱ्या मंडळींना माझं हेच उत्तर आहे.

भागवत २००१ मध्ये, नव्वदी ओलांडून गेले. आपल्यातले बहुतेक जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी 'फास्टर फेणे' सिनेमा काढला. अमेय वाघ फेणे, गिरीश कुलकर्णी खलनायक, आणि दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत! गोष्ट मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची. पुढे २०२४ मध्ये 'नीट'चा पेपर फुटल्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं तेव्हा आमच्या मजल्यावर या सिनेमाची हमखास आठवण निघायची. विषय निवडण्याच्या बाबतीत सिनेमावाल्यांनी भागवतांची वाट बरोबर पकडली होती असं मला वाटतं.

तरी माझी एक तक्रार आहे. सिनेमातला फेणे मोठा झाला. कॉलेजच्या वयाचा हिरो आपल्याकडे ढिगाने आहेत; चौदा-पंधरा वर्षांचा, मराठी बोलणारा, सायकलवरचा हिरो एकही नाही. माझा धाकटा मावसभाऊ सातवीत आहे, इंग्लिश मीडियमचा. त्याला शिनचॅनच्या घरातल्या कुत्र्याचं नाव ठाऊक आहे, पण फेणे म्हटलं तर तो दुकानाचं नाव समजतो. यात त्याचा काय दोष? पुस्तकं आमच्या पिढीने घरात आणली नाहीत, आणि टीव्हीवर काही लागत नाही. एका सिनेमात एक घोटाळा संपतो. शाळकरी पोराला मित्र वाटायला हवा असेल तर तो दर आठवड्याला भेटावा लागतो. वीस पुस्तकं म्हणजे किती भागांचं सामान झालं, हिशोब करा! बजेटही फार नको. एक सायकल तर हवी.

फक्त आजचा फेणे आजच्या फुरसुंगीचा हवा. भागवतांच्या वेळचं पुण्याजवळचं खेडं आता राहिलेलं नाही. २०१७ मध्ये ते पुणे महापालिकेत गेलं, नंतर उरुळी देवाचीसह वेगळी नगरपरिषद झाली, आणि मधल्या काळात पुण्याचा कचरा आणून टाकायची जागा म्हणून या भागाचं नाव पेपरात येत राहिलं. कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे सायकल घेऊन लागणारा बनेश फेणे मला आत्ताच दिसतो आहे. शेवटी कोणाच्या तरी दारात गाडी थांबणार आणि ट्टॉक!

किंवा त्याला सुट्टीत आमच्या मोहन्याला पाठवा. आंबिवली स्टेशनला उतरला की सायकलने दहा मिनिटं. एका बाजूला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला २००९ पासून बंद पडलेल्या रेयॉन कारखान्याची जागा आणि कॉलनी. लहानपणी आम्हा मुलांना त्या भिंतीच्या आत काय चालतं याची भयंकर उत्सुकता असायची. रात्री ट्रक येतात, भंगार जातं, मशिनरी कोण नेतं, अशा शंभर अफवा. नदीच्या पाण्याचा रंग एखाद्या दिवशी वेगळा का दिसतो हाही प्रश्न होताच. चौकशी करायला मोठ्या माणसांना वेळ नव्हता आणि आम्हाला परवानगी नव्हती. अशा ठिकाणी फेणेच लागतो. मोठी माणसं जिथे नको तिथे जाऊ नकोस म्हणतात, बरोबर तिथेच भागवत त्याला धाडायचे, आणि तो प्रश्न विचारून, थोडा मार खाऊन, धडपणे हॉस्टेलवर परत यायचा.

दिग्दर्शकाला माझ्याकडून दोनच अटी. त्याच्या हातात स्मार्टफोन द्यायचा असेल तर द्या, पण ऐन वेळी बॅटरी संपलेली असू दे. आणि सायकलला गिअर नको.