पहिला मान पालवणकर बाळूंचा

आमच्या उरणात भातकापणी उरकली की मोकळ्या खाचरांतून टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. सामन्याइतकीच रंगते ती कडेला बसणाऱ्यांची वादावादी. अमक्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? पहिला कोण, दुसरा कोण? असले वाद बहुधा धावा आणि बळी मोजून सुटतात, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने सुटतात. मीही आज अशीच एक क्रमवारी मांडणार आहे. माझा संघ मात्र जुना आहे.

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरावे आणि मरीन लाइन्सला जावे. तिथे समुद्राकाठी हिंदू, पारशी, इस्लाम असे जिमखाने दिसतात. एके काळी मुंबईचे क्रिकेट असे धर्माधर्मांत वाटलेले होते. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने झाले. १९४६ साली ते कायमचे थांबले, आणि थांबले ते बरेच झाले. पण त्या सामन्यांतल्या हिंदू संघाने जे खेळाडू दिले, त्यांना विसरून चालणार नाही.

माझ्या यादीत पाचवे प्रा. दि. ब. देवधर. चौथे पी. विठ्ठल. तिसरे विजय मर्चंट. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात त्यांनी नाबाद २५० धावा काढल्या. दुसरे कर्नल सी. के. नायडू, १९२६ साली एम. सी. सी.विरुद्ध त्यांनी अकरा षटकारांसह १५३ धावा फटकावल्या, आणि १९३२ साली ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. अशा दिग्गजांच्याही वर मी ज्यांना बसवतो, ते एकही कसोटी सामना खेळले नाहीत. ते म्हणजे पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्करात चाकरीला. पुण्यात साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, मैदान झाडण्याची आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याची. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. तिथे सरावासाठी साहेबांना गोलंदाजी टाकायची, हे त्यांचे काम झाले. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज बाद झाला की बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. डावखुऱ्या संथ गोलंदाजीवर त्यांनी असे प्रभुत्व मिळवले. पण त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. गड्याने चेंडू टाकावा, फलंदाजी साहेबाने करावी, अशी ती रीत होती.

ही कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबाच्या कानी गेली आणि तिथे पेच पडला. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवेत. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाला संघात घ्यायचे कसे? शेवटी घेतले. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. राज्यकर्त्यांवरचा तो विजय साऱ्या देशात गाजला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. एकट्या बाळूंनी मात्र सगळ्या दौऱ्यात ११४ बळी मिळवले. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते आणि खांदा दुखत होता.

इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. वर्षानुवर्षे ते संघातले सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू; पण नाणे उडवायला दुसराच कोणी जाई. १९२० साली तर त्यांना एका सामन्यातून वगळले आणि भाऊ विठ्ठल यांचाही कर्णधारपदावरचा हक्क डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीरपणे संघाबाहेर राहणे पसंत केले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. १९२३ साली मात्र विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. थोरल्याने पेरले ते धाकट्याच्या हाती आले.

बाळूंचे पुढचे आयुष्य राजकारणात गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. डॉक्टरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. या भूमिकेबद्दल आजही मतभेद आहेत आणि ते राहणारच. पण माझी क्रमवारी मैदानावरची आहे. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आता आकड्यांकडे वळतो. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. मित्र म्हणतात, सामने थोडे आहेत, कसोटी तर एकही नाही. मान्य. पण युरोपियनांविरुद्धचा तो पहिला विजय मिळाला तेव्हा बाळू तिशीला टेकले होते. त्यांच्या उमेदीची वर्षे साहेबांना सराव देण्यात गेली होती. जे बळी नेटमध्ये आठ आण्यांच्या हिशेबात मिळाले, ते कुठल्या वहीत लिहिलेले आहेत?

क्रमवारी लावताना खेळाडूने संघाला काय दिले हे आपण पाहतो. त्याच्याशेजारी आणखी एक रकाना हवा : संघाने त्या खेळाडूला काय दिले? नायडूंना मान मिळाला, मर्चंटना प्रेम मिळाले. बाळूंना मिळाली पॅव्हेलियनबाहेरची जागा. आणि तिथूनच येऊन त्यांनी संघाला जिंकवले. दोन्ही रकाने मांडले की माझी बेरीज दरवेळी त्यांच्याच नावापाशी येते. तुमची यादी निराळी असेल तर अवश्य मांडा. फक्त दुसरा रकाना भरायला विसरू नका.