मॅरेथॉनच्या वाटेवरचा कापडी जोडा

आषाढीसाठी कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते, तेव्हा तिवसा तालुक्यातल्या वाटेवर अनवाणी पावले असतात आणि झिजून पातळ झालेल्या चपलाही असतात. वऱ्हाडातल्या रस्त्यांच्या कडेने पहाटे आणखीही काही पावले पडत असतात. ती पोलीस भरतीच्या 1600 मीटर धावेची तयारी करणाऱ्या मुलांची. अनवाणी धावावे की बूट घ्यावेत, आणि घ्यायचे तर कोणते, ही त्यांची नित्याची विवंचना. शहरातल्या हौशी मॅरेथॉनपटूंपुढेही हाच प्रश्न जरा महागड्या रूपात उभा असतो. धावण्याच्या नेहमीच्या बुटांत टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. ‘झिरो ड्रॉप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या बुटांत टाच आणि चवडा एकाच पातळीवर राहतात. हा शोध अगदी आजचा असल्याचा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचा माग काढत गेले, की विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जपानमधल्या एका शिक्षकापाशी येऊन थांबावे लागते. शिझो कानाकुरी हे त्याचे नाव.

कानाकुरी यांचा जन्म 20 ऑगस्ट 1891 रोजी क्युशू बेटावरील कुमामोतो प्रांतातल्या एका खेड्यात झाला. घर मोठ्या खटल्याचे, आठ भावंडांतले ते सातवे. वरच्या इयत्तांची शाळा घरापासून 6 किलोमीटरवर होती. जाऊन-येऊन 12 किलोमीटरची ती वाट मुले पळतच कापत. खेळ म्हणून कोणी धावत नव्हते, शाळेत वेळेवर पोहोचायचे म्हणून धावत होते. 1910 मध्ये शिक्षक होण्यासाठी ते टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयात दाखल झाले. ज्युदोचे जनक जिगोरो कानो तेथे मुख्याध्यापक होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर निवडले गेलेले आशियातील ते पहिले सदस्य. विद्यार्थ्यांनी लांब पल्ल्याची धाव घ्यावी, असा त्यांचा आग्रह असे, आणि त्यातूनच या खेडवळ मुलाच्या पायांतील दम प्रथम इतरांच्या ध्यानात आला.

नोव्हेंबर 1911 मध्ये हानेदा येथे स्टॉकहोम ऑलिम्पिकसाठी निवड चाचणी झाली. अंतर 25 मैलांचे, हवा पावसाळी आणि बोचरी. कानाकुरींच्या पायात साध्या ताबी होत्या. ताबी म्हणजे जपानी कापडी पायमोजा. त्यात अंगठा वेगळा असतो, बाकीची बोटे एकत्र राहतात आणि घोट्यामागे धातूच्या चपट्या आकड्यांनी तो बंद होतो. टाचेला उंची नाही, तळाला गादी नाही. चिखल-पाण्यात त्या ताबी फाटून गेल्या आणि अखेरचे अंतर त्यांनी अनवाणी कापले. वेळ लागली 2 तास 32 मिनिटे 45 सेकंद. तोवरच्या जागतिक विक्रमाहून ती कितीतरी सरस होती. अंतराची मोजणी अचूक होती का, याविषयी पुढे शंका घेतली गेली. परंतु ऑलिम्पिकचे तिकीट पक्के झाले. प्रवासखर्चाची रक्कम विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती, तेव्हा विद्यालयातल्या सहकाऱ्यांनी वर्गणी उभी केली.

विद्यालयापासून जवळच, ओत्सुका भागात, ‘हारिमाया’ नावाचे ताबी शिवणारे दुकान होते. मालक कुरोसाका शिन्साकु. कानाकुरी त्यांच्याकडे गेले ते तळ जाड करून घेण्यासाठी. कापडाचे पदर एकावर एक शिवून कुरोसाकांनी मजबूत तळाच्या ताबी तयार करून दिल्या. धावपटू आणि कारागीर यांची ही जोडी पुढे अनेक वर्षे टिकली. पादत्राणांच्या इतिहासात या दुकानाला मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

मे 1912 मध्ये कानाकुरी आणि धावपटू याहिको मिशिमा हे दोघेच जपानचे खेळाडू म्हणून निघाले. जपानचा हा पहिलाच ऑलिम्पिक सहभाग. सैबेरियातून रेल्वेचा दोन आठवड्यांहून लांबचा प्रवास, न मावळणाऱ्या सूर्यामुळे उडालेली झोप, अंगी न लागणारे अन्न. त्यात स्टॉकहोमचे रस्ते. घरच्या मऊ मातीवर तयार झालेले पाय त्या टणक रस्त्यांवर सराव करताना गुडघ्यापर्यंत दुखू लागले. ताबी तीच, धावण्याची ढबही तीच. मातीत तळ पातळ असला तरी निभावत होते, तेथे ते निभावेना.

14 जुलै 1912 रोजी मॅरेथॉन झाली ती विलक्षण उकाड्यात. पारा तिशीच्या वर गेला होता. 68 धावपटूंपैकी जवळपास निम्म्यांनी शर्यत अर्ध्यावर सोडली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. कानाकुरीही 26 किलोमीटरच्या पुढे भोवळ येऊन पडले. रस्त्यालगतच्या एका शेतकरी कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली आणि त्यांना शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. शर्यत सोडल्याची रीतसर नोंद आयोजकांकडे झालीच नाही. स्वीडनमध्ये मग ‘हरवलेल्या जपानी’ धावपटूची दंतकथा तयार झाली. वृत्तपत्रांना ती इतकी आवडली, की या माणसाने पुढच्या आयुष्यात काय केले, हे तिच्या सावलीत झाकोळून गेले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी अपयशाची कारणे एकेक करून निस्तरायला घेतली. उन्हाने हरवले, म्हणून भर उन्हाळ्यात दुपारी तातेयामाच्या समुद्रकिनाऱ्यावर तापलेल्या वाळूत धावणे सुरू झाले. रस्त्याने हरवले, म्हणून पुन्हा कुरोसाकांच्या दुकानाची पायरी चढली गेली. येथे कानाकुरींचे शहाणपण दिसते. पाश्चात्त्यांच्या पायांत बूट होते. ताबी टाकून बूट चढवणे हा सोपा मार्ग होता. त्यांनी तो घेतला नाही. पायाची सपाट ठेवण आणि अंगठ्याची मोकळीक कायम ठेवून त्यांनी फक्त तळ बदलायचे ठरवले. कापडाच्या जागी रबर आले, निसरड्यावर पकड राहावी म्हणून त्यावर खाचा आल्या आणि घोट्यामागच्या आकड्या जाऊन पावलावर नाडी आली. 1919 च्या सुमारास हा जोडा ‘कानाकुरी ताबी’ या नावाने आकाराला आला. वजनाला हलका, टाच आणि चवडा समपातळीत, तळ रस्त्याला पुरून उरणारा. आजच्या दुकानदाराने त्याला झिरो ड्रॉपच म्हटले असते.

अशा जोड्यात एक गोम असते. उंच टाच नसल्याने पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला जास्त ताण सोसावा लागतो. वर्षानुवर्षे गादीच्या बुटांत वावरलेला पाय एकदम सपाट जोड्यात घालून 10 किलोमीटर पळवला, तर त्या शिरेचे दुखणे हमखास मागे लागते. थोड्या अंतरापासून सुरुवात करून काही महिन्यांत पाय हळूहळू सवयीचा करावा लागतो. कानाकुरींच्या पायांनी ही तालीम शाळेच्या वाटेवरच पुरी केली होती. तरीही नव्या रस्त्याने त्यांना गुडघे धरायला लावलेच.

1916 हे वर्ष त्यांच्या ऐन उमेदीचे होते, परंतु त्या वर्षीचे बर्लिन ऑलिम्पिक महायुद्धामुळे रद्द झाले. एकट्याने धावून भागणार नाही, देशात धावणारे शेकड्यांनी तयार झाले पाहिजेत, ही जाणीव बहुधा या काळात पक्की झाली असावी. एप्रिल 1917 मध्ये क्योतो ते टोकियो अशी 500 किलोमीटरहून लांब सांघिक टप्पा-शर्यत झाली. जपानी लोक अशा शर्यतीला एकिडेन म्हणतात. तिचा शेवटचा टप्पा कानाकुरी धावले. 1919 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह शिमोनोसेकी ते टोकियो हे सुमारे 1200 किलोमीटरचे अंतर 20 दिवसांत धावून पार केले. फेब्रुवारी 1920 मध्ये त्यांच्या पुढाकाराने टोकियो ते हाकोने आणि परत अशी महाविद्यालयीन एकिडेन सुरू झाली. पहिल्या वर्षी चारच संघ होते.

त्याच वर्षी, 22 ऑगस्टला, अँटवर्पच्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये त्यांची वाट एका मराठी मुलखातल्या तरुणाच्या वाटेला येऊन मिळाली. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धेत सर दोराबजी टाटांनी शेतकरी घरांतील मुलांना खडबडीत रस्त्यांवर अनवाणी लांब पल्ल्याची धाव घेताना पाहिले आणि त्या दृश्यातूनच भारतीय संघ पाठवण्याची कल्पना पुढे सरकली. त्या संघात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. अँटवर्पची शर्यत 42.75 किलोमीटरची, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब मॅरेथॉन. गारठा आणि पाऊस. फिनलंडच्या हानेस कोलेहमाइनेनने सुवर्णपदक मिळवले. कानाकुरी आघाडीच्या धावपटूंत होते, पण थंडीने पाय आखडला आणि ते 2 तास 48 मिनिटे 45.4 सेकंदांत सोळावे आले. त्यानंतर बरोबर 2 मिनिटांनी, एकोणिसाव्या क्रमांकावर, चौगुले पोहोचला. एक कापडी ताबीत घडलेला, दुसरा अनवाणी धावणाऱ्यांच्या मुलखातला. चौगुलेच्या मागे मात्र ना कुरोसाकांसारखे दुकान उभे राहिले, ना हाकोनेसारखी शर्यत.

1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कानाकुरींना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. त्यांची स्पर्धेतली कारकीर्द तेथे संपली. मुलींच्या शाळेत शिकवताना त्यांनी विद्यार्थिनींना मैदानावर आणले. त्या काळी हे धाडसाचे होते. 1931 मध्ये ते कुमामोतोला परतले.

त्यांचा जोडा मात्र धावतच राहिला. 9 ऑगस्ट 1936 रोजी बर्लिनमध्ये मॅरेथॉनचे सुवर्णपदक सोन की-चुंग याने जिंकले, तेव्हा त्याच्या पायात अंगठा वेगळा असलेला हाच जोडा होता. सोन कोरियाचा; देश जपानच्या अमलाखाली असल्याने त्याला जपानच्या ध्वजाखाली आणि जपानी नावाने धावावे लागले. पदक स्वीकारताना त्याने मान खाली घातली होती. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक कबड्डी आणि देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करत होते. पारतंत्र्याचा अनुभव दोन्हीकडे सारखाच होता.

1951 मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या शिगेकी तानाकाने बोस्टन मॅरेथॉन जिंकली. दुभंगलेल्या चवड्याचे त्याचे बूट पाहून अमेरिकन बुचकळ्यात पडले. जपानी माणसाला दोनच बोटे असतात की काय, अशी चर्चा रंगल्याच्या हकिगती आहेत. दोनच वर्षांनी केइझो यामादाने तीच शर्यत कानाकुरींचे नाव लावलेल्या बुटांत जिंकली. या वेळी बुटाची पुढची फट गेली होती. सपाट, हलका तळ राहिला होता.

मार्च 1967 मध्ये स्वीडनच्या ऑलिम्पिक समितीने पंचाहत्तरीतल्या कानाकुरींना स्टॉकहोमला बोलावले. ओव्हरकोट घालून ते मैदानात धावत आले आणि त्यांनी अंतिम फीत तोडली. वेळ जाहीर झाली: 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटे, 20.3 सेकंद. दरम्यान सहा मुले आणि दहा नातवंडे झाल्याचे त्यांनी हसत सांगितले.

13 नोव्हेंबर 1983 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हारिमायाही पुढे बंद पडली. हाकोनेची शर्यत दरवर्षी 2 आणि 3 जानेवारीला होते आणि सर्वोत्तम धावपटूला 2004 पासून शिझो कानाकुरी करंडक दिला जातो. अलीकडे तो स्वीकारणाऱ्या मुलांच्या पायांत बहुधा जाड तळाचे, आत कार्बनची पट्टी बसवलेले बूट असतात.