पंडित नहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांचे चरित्र



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत सेवा करणाऱ्या पुष्कळ उपदेशकांस असा अनुभव येतो की, बाजारच्या दिवशी अथवा गावच्या पारावर प्रभूची वार्ता सांगत असता एखादा शिकलेला गृहस्थ मध्येच उभा राहून असा प्रश्न विचारतो की, त्याचे उत्तर चटकन सुचत नाही. ऐकणारे हसतात, आणि उपदेशक मान खाली घालून घरी येतो. त्या रात्री त्याच्या मनात दोन विचार घोळू लागतात. एक असा की, विश्वासणाऱ्याने वादात पडूच नये. वाद हे विद्वानांचे काम. आणि दुसरा असा की, ज्याचे उत्तर मजजवळ नाही ते खरे तरी आहे काय? हा दुसरा विचार मनात येणे हेच मोठे पाप, असे समजून तो बिचारा कोणाजवळ बोलत नाही, आणि काट्यासारखा तो आतच सलत राहतो. अशा बंधूंकरिता आज एका थोर पुरुषाचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे. हा पुरुष आपल्याच भाषेचा होता, मोठा पंडित होता, आणि दोन्ही विचारांशी तो जन्मभर झुंजला.

नीळकंठ गोऱ्हे ह्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात झांशीजवळ काशीपुरा नावाच्या गावी झाला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. पेशवाईच्या काळात कोकणातील व देशावरील अनेक कुटुंबे नशीब काढण्यास उत्तरेकडे गेली, त्यांतलेच हे एक होय. त्यांचे आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे कुटुंब काशीस येऊन राहिले, आणि तेथे बाळ नीळकंठाचे अध्ययन सुरू झाले. संस्कृत व्याकरण व न्यायशास्त्र ह्यांत त्यांची बुद्धी फार चालली. तर्काने एखादी गोष्ट कशी सिद्ध करावी आणि प्रतिपक्षाच्या बोलण्यातील दोष कसा दाखवावा, हे ह्या शास्त्रात शिकवितात. ऐन तारुण्यात त्यांचे नाव काशीच्या पंडितमंडळीत होऊ लागले.

त्या काळी काशीच्या रस्त्यांत मिशनरी उभे राहून उपदेश करीत असत. आपला प्राचीन धर्म हे परके लोक खोटा ठरवितात, हे तरुण शास्त्र्यांस सहन होईना. ह्यांस वादात जिंकून गप्प बसवावे, अशा निश्चयाने ते चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ साहेब ह्यांच्याकडे गेले. स्मिथ साहेब वादास वाद करीत बसणारे नव्हते. त्यांनी ह्या तरुणाचे शांतपणे ऐकून घेतले, व पवित्र शास्त्र वाचून पाहावे असे सुचविले. त्याच सुमारास जॉन म्यूर नावाच्या स्कॉच सरकारी अधिकाऱ्याने संस्कृत श्लोकांत लिहिलेला ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ पंडितांच्या वाचनात होता. त्यात हिंदू धर्म व ख्रिस्ती धर्म ह्यांची तुलना करून ख्रिस्ती धर्म बुद्धीस पटणारा आहे, असे प्रतिपादन केले होते. नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ साली त्याचे खंडन करण्याकरिता ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

ह्या खंडनातील आक्षेप पोरकट नव्हते. मनुष्याचे आयुष्य थोडे, त्यात घडणारी पापेही मोजकीच. मग त्यांबद्दल अनंतकाळची शिक्षा देणारा देव न्यायी कसा, असे त्यांनी विचारिले. ज्याने अद्याप बरे अथवा वाईट काही केले नाही, असे बालक जन्मतःच आंधळे अथवा पांगळे का असावे; पूर्वजन्मीचे कर्म मानल्याशिवाय ह्याचा उलगडा कसा व्हावा, असेही त्यांनी विचारिले. आणि मनुष्याचा तर्क डळमळीत असल्यामुळे त्याने शास्त्राच्या आधीन राहावे, शास्त्रास न्यायासनापुढे उभे करू नये, असा त्यांचा सिद्धांत होता. वाचकहो, हे प्रश्न आजही पारावर विचारले जातात. ज्याने ते इतक्या बळकटपणे मांडिले, तोच पुढे ख्रिस्ताचा सेवक झाला, हे ध्यानात ठेवावे.

खंडन करावयाचे म्हणून त्यांनी पवित्र शास्त्र उघडिले होते. परंतु वाचता वाचता ते पुस्तकच त्यांस प्रश्न विचारू लागले. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. शत्रूंवर प्रीती करावी, अंतःकरण शुद्ध ठेवावे, गुप्तपणे प्रार्थना करावी, अशी शिकवण ज्याच्या मुखातून निघाली त्यास ठक म्हणण्यास त्यांची जीभ धजेना. आपण लिहिलेले खंडन आपल्याच मनास पुरे पडत नाही, असे त्यांस दिसू लागले. कित्येक महिने मोठ्या कष्टाने गेले. घरच्या माणसांस सुगावा लागला तेव्हा रडारड झाली, समजाविणे झाले, अडविणे झाले. अखेरीस १४ मार्च १८४८ रोजी काशीपासून दूर जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, व त्यांस नहेम्या हे नाव मिळाले.

ह्या पावलाची किंमत त्यांनी पुरी भरली. जातीचा मान गेला, पंडितांतील स्थान गेले, आप्तांचे घर बंद झाले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांजकडे आल्या व त्यांनीही विश्वास स्वीकारिला. परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. १८५३ साली मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई देवाघरी गेल्या. ती लेक परक्या कुटुंबात वाढली व लहानपणीच विलायतेस गेली. हीच पुढे एलन लक्ष्मी गोऱ्हे ह्या नावाने भक्तिपर काव्ये लिहिणारी म्हणून प्रसिद्ध झाली, आणि १८८० साली स्वदेशी परत येऊन तिने येथील स्त्रियांत सेवा केली.

१८५४ साली पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग ह्यांच्याबरोबर त्यांचे शिक्षक म्हणून गोऱ्हे विलायतेस गेले. तेथे त्यांची व प्रसिद्ध संस्कृतज्ञ माक्स म्युलर ह्यांची भेट झाली. ख्रिस्ती राष्ट्र म्हणजे जेथे घरोघर प्रभूच्या आज्ञेप्रमाणे लोक वागतात, असे चित्र गोऱ्ह्यांनी मनात रंगविले होते. प्रत्यक्षात तेथील पुष्कळांचे जगणे पाहून त्यांस अतिशय दुःख झाले. तरी त्यांनी एक गोष्ट ओळखली. ख्रिस्ताचे नाव घेणारे लोक कसे वागतात ह्यावरून ख्रिस्त खरा की खोटा हे ठरत नाही. मात्र त्यांच्या वागण्याने पुष्कळांची वाट अडते, हेही खरे. आपल्या मंडळ्यांनीही ह्याचा विचार करावा.

परत आल्यावर त्यांनी आपला मोठा ग्रंथ लिहिला. ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध झाला, आणि १८६२ साली फिट्झएडवर्ड हॉल ह्या विद्वानाने त्याचे इंग्रजी भाषांतर छापिले. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा व वेदान्त ह्या सहा दर्शनांची त्यात परीक्षा केली आहे. ग्रंथ कठीण आहे, तरी त्यातील दोन मुद्दे साध्या रीतीने सांगता येतील.

पहिला मुद्दा उत्पत्तीविषयी. न्यायदर्शन ईश्वरास मानते. पण परमाणू व जीव हेही अनादि आहेत, असे ते म्हणते. कुंभार आयत्या मातीचा घडा करितो, तसा ईश्वर असलेल्या द्रव्याची मांडणी करितो. ह्यावर गोऱ्हे असा विचार मांडितात की, असा ईश्वर खरा स्वामी नव्हे. त्यास आपल्यासारख्याच अनादि वस्तूंवर अवलंबून राहावे लागते. माती न मिळाली तर कुंभार काय करील? ज्याने काही नसता सर्व उत्पन्न केले, त्याचेच सर्वांवर पूर्ण धनीपण असते, आणि त्याच्याच हाती आपण निर्भयपणे स्वतःस सोपवू शकतो.

दुसरा मुद्दा वेदान्ताविषयी. अंधारात दोरी पाहून सर्प भासतो, त्याप्रमाणे एका ब्रह्मावर हे जग भासते, असे वेदान्ती म्हणतात. गोऱ्हे विचारितात की, भ्रम होण्यास भ्रमणारा कोणी पाहिजे. ब्रह्मावाचून दुसरे कोणीच नसेल व ब्रह्मास तर अज्ञान शिवत नसेल, तर हा भ्रम झाला कोणास? शिवाय जर पाप केवळ व्यवहारापुरते खरे, तर पश्चात्तापही तेवढाच खरा, भक्तीही तेवढीच, आणि क्षमाही तेवढीच. ज्याचे मन आपल्या अपराधाने खरोखर पोळले आहे, त्यास खरीच क्षमा पाहिजे, खराच क्षमा करणारा पाहिजे.

एवढे कठोर खंडन लिहिणाऱ्या ह्या पुरुषाने आपल्या पूर्वजांची थट्टा कधी केली नाही. उलट पुढे त्यांनी असेही लिहिले की, अनन्य भक्ती, वैराग्य, नम्रता व क्षमा ह्यांची जी शिकवण हिंदू लोकांस मिळाली आहे, तिच्यायोगे देवाने त्यांची मने ख्रिस्ताची वचने ओळखण्यास तयार केली आहेत. दोष दाखविणे व गुण मानणे ही दोन्ही कामे एकच मनुष्य करू शकतो, हे त्यांच्यापासून शिकण्याजोगे आहे.

१८६८ साली ते डीकन झाले व १८७० साली त्यांस पूर्ण दीक्षा मिळाली. ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज ह्यांतील सुशिक्षितांशी त्यांचा पुष्कळ वाद झाला. पवित्र व प्रेमळ अशा एका पित्यावरचा तुमचा विश्वास जुन्या शास्त्रांतून आलेला नाही व नुसत्या बुद्धीनेही सापडलेला नाही. तो पवित्र शास्त्राचा उजेड आहे, मात्र दिवा कोणी लाविला हे तुम्ही सांगत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुण्यास पंडिता रमाबाई ह्यांची व त्यांची ओळख झाली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली विलायतेत झाला, आणि आपल्या बुद्धीची खात्री गोऱ्ह्यांच्या लेखनाने पटली, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे.

आता ह्या चरित्रातील सर्वांत नाजूक गोष्ट सांगतो. दुसऱ्यांची खात्री पटविणाऱ्या ह्या पंडितास स्वतः संशयाने जन्मभर छळिले. तरुणपणी म्यूर साहेबांस घातलेले प्रश्न, विशेषतः अनंत शिक्षेचा प्रश्न, त्यांच्या मनातून पुरता कधीच गेला नाही. जी तलवार त्यांनी वीस वर्षांचे असताना धार लावून ठेविली होती, तिचा घाव त्यांस म्हातारपणीही लागे. १८७६ साली ते काउलीच्या संन्यस्त पाद्र्यांच्या मंडळीत उमेदवार म्हणून गेले. त्यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली, पण शेवटची प्रतिज्ञा कधी घेतली नाही. चर्चच्या व्यवस्थेविषयीची त्यांची पुढली मते आपणांपैकी सर्वांस मान्य होतील असे नाही. परंतु त्यांची राहणी फकिराची होती, प्रार्थना अखंड होती, आणि संशय आला म्हणून त्यांनी प्रभूची सेवा एक दिवसही टाकिली नाही. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

कोणी म्हणेल की, ज्याचे स्वतःचे मन निःशंक नव्हते त्याचे उदाहरण आम्हांस कशाला? माझे म्हणणे असे की, म्हणूनच पाहिजे. संशय येणे आणि अविश्वास धरणे ह्यांत मोठे अंतर आहे. अविश्वासी मनुष्य पाठ फिरवितो. संशयाने व्याकूळ झालेला मनुष्य तोंड देवाकडेच ठेवून विचारितो. गोऱ्ह्यांनी आपले प्रश्न लपविले नाहीत. ते त्यांनी मित्रांस सांगितले, देवास सांगितले, आणि प्रश्नांसह क्रुसाजवळ बसून राहिले.

तेव्हा, उपदेशक बंधूंनो, पुन्हा पारावर कोणी कठीण प्रश्न विचारील तेव्हा रागावू नका व पळूही नका. प्रथम त्याचे म्हणणे पुरते ऐका, कारण गोऱ्ह्यांनी ज्या दर्शनांचे खंडन केले ती त्यांस गुरूच्या पायाशी बसून आली होती. उत्तर ठाऊक असल्यास सौम्यतेने सांगा. ठाऊक नसल्यास ठाऊक नाही असे मोकळेपणाने कबूल करा, आणि पुढल्या बाजारी विचार करून येतो असे सांगा. व खरोखर जा. तो प्रश्न तुमच्याच मनात शिरला असेल तर आपल्या पाळकाजवळ अथवा वडील बंधूजवळ बोला. विश्वासाचे कारण विचारणाऱ्यास नम्रतेने उत्तर देण्यास सिद्ध असावे, अशी पेत्र प्रेषिताची आपणांस आज्ञा आहे. प्रत्येक वाद जिंकावा अशी नाही. जिंकणे हे प्रभूचे काम आहे. एक तरुण शास्त्री वाद जिंकावयास आला होता आणि स्वतः जिंकला गेला. जो प्रभू काशीच्या त्या पंडितास धीराने भेटला, तो तुमच्या पारावरच्या विद्वान गृहस्थासही भेटण्यास समर्थ आहे, आणि रात्री जागत पडलेल्या तुम्हांसही.