गियोम साहेब आणि आमचा बंब

मित्रांनो, मागच्या डिसेंबरात आम्ही चौघांनी हॉस्टेलच्या बंबाला स्टेनलेसचा पाइप जोडला. बंबाची टाकी एमएसची. वर्कशॉपमध्ये हाताला लागली ती ६०१३ ची रॉड घेतली आणि जोड मारून मोकळे झालो. वेल्डचा बीड मस्त आला होता. बीडमध्ये राहून बीड चांगला येणार नाही तर काय, असं म्हणत आम्ही एकमेकांना टाळ्याही दिल्या! आठवड्याभरात जोडाला तडा गेला आणि अख्ख्या विंगने ऐन थंडीत गार पाण्याने आंघोळी केल्या. आम्हाला काय काय ऐकावं लागलं ते इथे छापता येणार नाही.

सर रागावले नाहीत. फिलर कोणता घेतला आणि तोच का, एवढंच त्यांनी विचारलं. ‘का’चं उत्तर आमच्याकडे नव्हतं. मग त्यांनी मला लायब्ररीत जाऊन एका माणसाबद्दल वाचायला सांगितलं. त्याचं नाव शार्ल एदुआर गियोम.

गियोम यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८६१ रोजी स्वित्झर्लंडमधील फ्लरिए या गावी झाला. घराणं घड्याळजींचं. धातू गरमीने वाढतो, थंडीने आकसतो आणि मग घड्याळ चुकतं, ही त्या घरातली रोजची डोकेदुखी असणार. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकून १८८३ साली ते पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेत लागले आणि सगळी नोकरी त्यांनी तिथेच केली. सुरुवातीचं काम पाऱ्याचे थर्मामीटर तपासण्याचं. आपल्याला असं काम दिलं तर आपण दोन दिवसांत कंटाळू!

त्या काळी मीटरचा प्रमाण नमुना प्लॅटिनम-इरिडियमचा असे. तो फार महाग. स्वस्त पर्याय शोधता शोधता १८९६ साली गियोम यांच्या हाती निकेल-पोलादाची एक कांडी आली. ती प्लॅटिनमपेक्षाही कमी प्रसरण पावत होती. दुसऱ्या कुणी मोजण्यात चूक झाली म्हणून ती बाजूला ठेवली असती. गियोम यांनी निकेलचं प्रमाण थोडं थोडं बदलत एकामागून एक मिश्रधातू मोजले. सुमारे ३६ टक्के निकेलवर प्रसरण सर्वांत कमी आढळलं. साधं पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. हा धातू जेमतेम एक मायक्रॉन! त्याचं नाव इनव्हार. घड्याळांच्या स्प्रिंगसाठी त्यांनी एलिनव्हारही शोधला. १९१५ ते १९३६ ते संस्थेचे संचालक होते. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच निकेल-पोलादांच्या अभ्यासासाठी मिळालं. १३ मे १९३८ रोजी ते वारले.

गियोम काही वेल्डर नव्हते. मग त्यांचा आमच्या बंबाशी काय संबंध? संबंध प्रसरणाचा आहे. इनव्हारला इनव्हार जोडायचा तर फिलरही साधारण ३६ टक्के निकेलचाच लागतो. नाहीतर पट्टी जागेवर राहते आणि जोड मात्र वाढत-आकसत बसतो.

दोन वेगळे धातू असले की प्रश्न आणखी अवघड होतो. स्टेनलेस आणि एमएस ६०१३ ने जोडले की वितळलेल्या धातूत स्टेनलेसचं क्रोमियम-निकेल पातळ होतं आणि जोड कडक, ठिसूळ बनतो. आमचं तेच झालं. तिथे जादा क्रोमियम-निकेल असलेली ३०९ हवी होती.

पण ३०९ म्हणजे सगळीकडे चालणारं औषध नव्हे. औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमधल्या नळ्या ५०० अंशांच्या वर तापतात. तिथे ३०९ चा जोड दर अंशाला सुमारे १७ मायक्रॉन वाढतो आणि शेजारची फेरिटिक पोलादाची नळी १२ ते १४. ताण बरोबर त्या सीमेवर येतो, शिवाय पोलादातला कार्बनही हळूहळू जोडाकडे सरकतो. म्हणून अशा ठिकाणी निकेल-क्रोमियम-लोह जातीचा फिलर निवडतात. त्याचं प्रसरण त्या नळीच्या जवळचं असतं आणि तो कार्बनचं सरकणंही कमी करतो.

बॉयलर जितक्या वेळा बंद-चालू होईल तितक्या वेळा हा ताण येतो. आपल्या परळीचं थर्मल २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, हे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना आठवतं. पाऊस आणि वेल्डिंग रॉड यांचा असाही संबंध लागतो, हे मला पहिल्यांदाच कळलं.

बंबाचा जुना जोड ग्राइंडरने पूर्ण काढून आम्ही तो ३०९ ने पुन्हा मारला. अजून तरी टिकून आहे. तेव्हा मित्रांनो, रॉड उचलण्याआधी तीन गोष्टी विचारा. धातू कोणते? किती तापणार? किती वेळा तापून थंड होणार? उत्तर माहीत नसेल तर गियोम साहेबांसारखं आधी मोजा. नाहीतर विंगच्या शिव्या खायची तयारी ठेवा!