दुर्गा खोटे : रंगभूमी आणि रजतपट

१. प्रास्ताविक

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली. १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात तीच तारामती दुर्गा खोटे यांनी साकारली. या एकोणीस वर्षांत समाजाच्या दृष्टीत किती बदल झाला आणि किती झाला नाही, हे त्यांच्या चरित्रावरून समजते.

२. जन्म आणि पूर्वायुष्य

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव लाड. कुटुंब मूळचे गोव्याकडील, कोकणीभाषक आणि सधन. कॅथीड्रल शाळा व सेंट झेवियर्स महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. विश्वनाथ खोटे यांच्याशी विवाह झाल्यानंतर काही वर्षांतच सासरची सांपत्तिक स्थिती खालावली आणि दोन लहान मुलांच्या पालनपोषणाचा प्रश्न उभा राहिला. अभिनयाकडे त्या वळल्या त्या हौसेपोटी नव्हे, तर चरितार्थासाठी.

३. चित्रपटातील कारकीर्द

१९३१ सालच्या ‘फरेबी जाल’मधील छोट्या भूमिकेने त्यांच्या वाट्याला लौकिकापेक्षा लोकनिंदाच अधिक आली. मात्र व्ही. शांताराम यांनी त्यांना कोल्हापूरला तारामतीसाठी बोलावले. पार्श्वगायनाची सोय नसल्याने नटांना स्वतःच गावे लागे. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या गायक नटासमोर दुर्गाबाईंनी ही कसोटी पार केली. पुढे कलकत्त्यास देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) व ‘सीता’ (१९३४) या चित्रपटांत त्यांनी काम केले. कलावंत एकाच संस्थेशी मासिक वेतनावर बांधलेले असण्याच्या त्या काळात त्यांनी अनेक संस्थांसाठी स्वतंत्रपणे काम केले, ही बाब महत्त्वाची आहे. ‘अमर ज्योती’ (१९३६) मधील सौदामिनी ही न्याय नाकारला गेल्यामुळे बंड करणारी समुद्री चाचांची नायिका होय. उत्तरायुष्यात ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई आणि ‘बॉबी’ (१९७३) मधील आजी या भूमिका गाजल्या.

४. रंगभूमीवरील कार्य

मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी रंगभूमीची सेवा केली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅकबेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’ (१९५४) मधील नायिका या दोन्ही सत्ताकांक्षी स्त्रिया. पडद्यावरील सोशीक मातेहून सर्वस्वी भिन्न असे हे त्यांच्या अभिनयाचे अंग होते. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. त्यांच्या निर्मितिसंस्थेची ‘वागळे की दुनिया’ ही दूरदर्शन मालिकाही लोकप्रिय झाली. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

५. मूल्यमापन

घरंदाज कुटुंबातून चित्रपटात आलेली पहिली अभिनेत्री असा दुर्गाबाईंचा उल्लेख उत्तरपत्रिकांत वारंवार आढळतो. हे विधान सावधपणे वापरावे. १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या होत्या. ‘घरंदाज’ या एका विशेषणाने अशा पूर्वसूरींचे श्रम पुसले जातात आणि कलावंताची प्रतिष्ठा तिच्या कामाऐवजी तिच्या कुळावरून ठरते. दुर्गाबाईंचे खरे कर्तृत्व कुळात नाही. निंदा पचवून, मुलांचा सांभाळ करीत, अभिनय हा सन्मानाने करण्याचा व्यवसाय आहे हे त्यांनी सुमारे पाच दशके स्वतःच्या कामाने सिद्ध केले, त्यात ते आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तारामतीच्या १९१३ व १९३२ मधील भूमिकांची तुलना करून स्त्री-अभिनयाविषयीच्या सामाजिक दृष्टीची चर्चा करा.
२. ‘घरंदाज अभिनेत्री’ या शब्दप्रयोगाच्या मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.