केडगावची पंडिता

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने आपल्या हॉस्टेलची बरीच पोरं घरी जातात. यवत गेलं, खुटबाव गेलं, की केडगाव येतं. त्या वेळी आपण एकतर झोपलेलो असतो, नाहीतर पत्त्यांचा डाव रंगात आलेला असतो. मीही तीन वर्षं त्यातलाच. मागच्या दिवाळीत मात्र गाडी केडगावला बराच वेळ रखडली. शेजारी बसलेल्या आजींनी सहज विचारलं, की बाळा, इथलं रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहिलंयस का कधी? मी ऐटीत सांगून टाकलं, की हो, रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी ना! त्यावर आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला ओरलचे एक्स्टर्नल आठवले. सुट्टी संपल्यावर लायब्ररीत जाऊन पंडिता रमाबाईंवरची पुस्तकं काढली. पी.एल.मध्ये अभ्यासाऐवजी तीच वाचली (निकाल लागला की कळेलच!), आणि त्यातून हा लेख झाला.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तेवढेच हट्टी. बाईने संस्कृत शिकू नये, असं म्हणणाऱ्या काळात त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोक खवळले, तेव्हा पंडितांच्या सभेत शास्त्राधार दाखवून वादही घातला. पुढे ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात आश्रम करून राहिले, आणि रमाबाई तिथेच जन्मल्या. नंतर पैसे संपले आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं. छोटी रमा आईजवळ बसून पाठांतर करायची. भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते. आपल्याला फॉर्म्युला शीट लागते, ते सोडा.

मग दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास या कुटुंबाजवळ काहीच उरलं नाही. उपवास, व्रतं, दानं, देवळांच्या पायऱ्या, सगळं करून झालं. भीक मागायची नाही, मजुरी करायची माहीत नाही. पानं आणि रानातली फळं खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग मोठी बहीण गेली. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती उंचीने इतकी लहान होती, की तिला तिरडीचं टोक खांद्यावर पेलेना, म्हणून डोक्यावर धरून न्यावं लागलं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून मेसला गेलो. जेवण काही गेलं नाही.

भाऊबहीण दोघंच उरली आणि देशभर पायी फिरत राहिली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, अंगावर घ्यायला काही नाही. तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत निजले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. इतकं सोसूनही देव काही ऐकत नाही, हे बघून दोघांचीही श्रद्धा हळूहळू उडाली. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना ही गोष्ट विसरायची नाही. त्यांना कुणी फसवून, पोटाचं आमिष दाखवून दुसऱ्या धर्मात नेलं, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण पोट रिकामं होतं तेव्हा त्या कुणाच्याच दारात धर्म बदलायला गेल्या नाहीत.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदांची प्रत हातात ठेवली आणि वाच म्हणाले. बाईने वेद वाचायचे नाहीत हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं, तरी त्यांनी वाचले. धर्मशास्त्रंही वाचली. बाईला मोक्षाची वाट जवळजवळ बंद आहे, हे त्यांत जागोजागी सापडलं, आणि त्या अस्वस्थ झाल्या.

1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आजही आपल्या गावाकडे असं लग्न झालं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे! संसार आसामात सिल्चरला थाटला. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली प्रत सापडली. येशूशी त्यांची ओळख वाढली ती अशी. मग एक मिशनरी घरी येऊन समजावून सांगू लागले. नवऱ्याला ते रुचलं नाही, आणि तो विषय तेवढ्यावरच राहिला. 1881 मध्ये मुलगी झाली, मनोरमा. 1882 च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. चोविसाव्या वर्षाच्या आत या बाईच्या मागे एक तान्ही मुलगी सोडली तर कुणीच उरलं नव्हतं.

त्या पुण्याला आल्या. रानडे वगैरे सुधारक मंडळींनी स्वागत केलं, आर्य महिला समाज निघाला (त्यात दुसऱ्या रमाबाई, म्हणजे रानडे, होत्या, माझा घोळ अगदीच निराधार नव्हता म्हणायचा), ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघालं. हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टरांची गरज ठासून मांडली. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून पुस्तकाच्या विक्रीतून तिकिटाचे पैसे उभे केले आणि 1883 मध्ये मनोरमेला घेऊन इंग्लंड गाठलं. पण कानाने कमी ऐकू येत होतं. डॉक्टरकीचं दार बंद झालं.

तिथे त्या वाँटेज गावात सिस्टरांच्या मठात राहिल्या. त्या सिस्टरांचं लंडनजवळ फुलहॅमला एक घर होतं. वाईट मार्गाला लागलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळायचा. रमाबाई ते बघायला गेल्या आणि हादरल्या. आपल्याकडे अशा बाईच्या सावलीलाही कुणी उभं राहत नाही, आणि इथे काही बायका आपलं आयुष्य त्यांच्यासाठी देताहेत, त्यांना माणूस म्हणून जवळ करताहेत, ते कशाच्या जोरावर? त्यांनी विचारलं. एका सिस्टरने त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, गावाने ओवाळून टाकलेली बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी बोलतो. ग्रंथांत जे शोधून सापडलं नव्हतं ते रमाबाईंना इथे सापडलं. स्त्रीलाही, पडलेल्या स्त्रीलाही, उचलून उभं करणारा कुणीतरी आहे!

पण हा निर्णय काही सुखाचा नव्हता. त्यांच्याबरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने धर्मांतराच्या भीतीने तिथेच आत्महत्या केली. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत, 29 सप्टेंबर 1883 ला, रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात वादळ उठलं.

आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून मान तुकवली असं समजू नका. सिस्टरांशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. न पटणारं मत केवळ चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, हा त्यांचा बाणा. क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती तर म्हणाल्या, मला कळत नाही त्या भाषेत कशाला, संस्कृतात लिहा. मांस कधी खाल्लं नाही. वडिलांचा हट्ट पोरीत पुरेपूर उतरला होता.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ पाहायला. राहिल्या मात्र दोन वर्षांच्या वर. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ निघालं आणि दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झालं. तिथल्या अगदी सुरुवातीच्या मुलींपैकी गोदूबाई ही विधवा. पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. महर्षी कर्व्यांच्या कामाचा एक धागा असा रमाबाईंच्या घरातून निघतो.

सदन पुण्याला आलं आणि तिथेच भांडण पेटलं. शाळेत धर्म शिकवायचा नाही, हे ठरलेलं होतं आणि तो शिकवलाही जात नव्हता. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. ‘केसरी’ने तोफ डागली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. माझं मत विचाराल तर पालकांची धास्ती खोटी नव्हती. ज्या बाईवर मुलींचा इतका जीव, तिची प्रार्थना म्हणजे नुसती प्रार्थना राहत नाही. पण दार लावून घ्या असं रमाबाईंना सांगणं म्हणजे ज्याच्या आधाराने त्या उभ्या होत्या तोच लपवा म्हणणं होतं. त्यांनी दार लावलं नाही.

याच काळात त्यांच्या आत आणखी एक उलथापालथ झाली होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षं होत आली, तरी मनाला शांतता नव्हती. 1891 च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ अनेक वर्षं पाद्रीपण करत होता आणि एक दिवस त्याला कळलं, की आपला विश्वास नुसता तोंडचा आहे. रमाबाईंना आरसाच दिसला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अजून आपला झालेला नाही, असं त्यांनी पुढे स्वतःबद्दल लिहून ठेवलं. एवढी मोठी पंडिता, अन् आपलं उत्तर चुकलं होतं असं जाहीर कबूल करते! त्यानंतर त्यांच्या बोलण्यात वाद कमी झाला आणि भरवसा वाढला.

तो भरवसा कामाला आला 1896 मध्ये. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला, ती वाळू आठवली. जवळ पैसा नव्हता, तरी त्या निघाल्या. मदत छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि त्यांच्यावर टपलेले दलाल पाहिले. टप्प्याटप्प्याने त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या. त्यात पुण्यात प्लेगची साथ, शहरात इतक्या जणींना ठेवायला सरकारची बंदी. मग केडगावला आधीच घेतून ठेवलेलं रान होतं, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच ‘मुक्ती’. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार! आपल्या चारही वर्षांच्या सगळ्या ब्रँचेस धरा आणि त्यांची मेस रोज चालवायची आहे असं समजा, तेही उद्याचे पैसे कुठून येणार हे माहीत नसताना. रमाबाई प्रार्थना करायच्या आणि कामाला लागायच्या.

आपल्या वर्कशॉपवाल्या सरांना आवडेल असा भाग इथून पुढे आहे. मुक्तीत नुसतं भजन नव्हतं. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरं पाळली. माग होते, तेलाचा घाणा होता, शिवणकाम होतं, छापखाना होता. हे सगळं चालवणाऱ्या बायका, आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी काही वर्षांपूर्वी पाटीला हातही लावला नव्हता. मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली आणि आंधळ्या मुलींना वाचायला शिकवू लागली. टाकलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ निघालं. फुलहॅमचं घर केडगावला आलं म्हणा ना.

उतारवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर, आणि तेही गावच्या साध्या बाईला वाचता येईल अशा भाषेत. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. मुक्तीच्या छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या, छापायच्या, बांधणीही करायच्या. प्रुफं स्वतः रमाबाई तपासायच्या. 1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही.

आपल्यामागे मनोरमा सगळं सांभाळेल, असं ठरलेलं होतं. पण 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, चाळिसाव्या वर्षी. वाळूतल्या खड्ड्यापासून त्यांनी एकेक माणूस पोचवलं होतं, आता शेवटचंही पोचवलं. या वेळी मात्र त्यांचा विश्वास उडाला नाही. भाषांतर अजून बाकी होतं. त्या पुन्हा प्रुफं घेऊन बसल्या.

ते काम हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 ला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, रमाबाई केडगावला वारल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं, मुक्तीच्याच छापखान्यातून.

परवा घरी जाताना मी मुद्दाम खिडकीची जागा पकडली होती. गाडी केडगावला जेमतेम मिनिटभर थांबली. पुढच्या वेळी उतरणार आहे; कुणाला बरोबर यायचं असेल तर रूमवर येऊन सांगा.